विरजणाचे आभार

रुपीबाईनं दह्याच्या गाडग्यावर पुन्हा झाकण ठेवलं.

"मंग बीटी दही करून राह्यली का तू?"

समोर भैरवी बसली होती. यवतमाळच्या प्रयोगशाळेतून ती ढाणकीजवळच्या या तांड्यावर चमचाभर दही मागायला आली होती. दह्याच्या जंतूंच्या पोटात प्लाझ्मिड नावाची चिमुकली कडी असते. तिच्यावर हवं ते जनुक चढवून दुसऱ्या जंतूत सोडता येतं. बाहेरच्या कड्या मात्र हे जंतू लगेच टाकून देत. त्यांना घरचीच, अशा जुन्या विरजणातली कडी हवी होती. एवढं सगळं भैरवीनं बांगडी दाखवून समजावलं होतं, आणि रुपीबाईला नेमकं समजलं होतं.

"बीटीची सरकी दरसाल इकत घ्या लागते," रुपीबाई म्हणाली. "उद्या इरजणही इकत घ्या लागन काय?"

"नाही मावशी. माझ्याकडे जो मागेल त्याला देईन."

झाकण निघालं. भैरवीनं छोटीशी बाटली भरून घेतली आणि शहरातल्या सवयीनं थँक्यू म्हणाली.

"अवो, तोंड आवर. इरजणाचे आभार मानत नसतात. दही लागत नाही."

पुढे बरेच महिने प्रयोग फसत राहिले. भैरवी शास्त्रज्ञ असल्यामुळे तिनं चूक तापमानात शोधली. थँक्यूचा संशय मनातच ठेवला.

अखेर कडी जमली. तिच्यावर चढवलेलं जनुक जंतूंनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. विभागप्रमुख चंद्रशेखर सरांनी पेढे वाटले आणि फ्रीजरला कुलूप घातलं. कंपनीशी करार होईपर्यंत कुणाला काही द्यायचं नाही, रुपीबाईच्या दह्यातला मूळ जंतूसुद्धा नाही, असं त्यांनी बजावलं.

त्याच सुमारास कापसाचा भाव बसला. तांड्यावरच्या म्हशी एकेक करून बाजारात गेल्या. दूध गेलं, त्यामागून विरजणही गेलं. पुढं रुपीबाईच्या दारात पुन्हा म्हैस आली, तेव्हा तिनं दुकानातल्या पाकिटाचं दही लावून पाहिलं. त्याला चवही पाकिटाचीच आली.

म्हणून ती एसटीनं यवतमाळला आली आणि स्टीलची वाटी घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली.

"थोडं इरजण देजो वं माय."

भैरवीनं सरांकडे पाहिलं. आपण शब्द दिलाय, ती म्हणाली. सरांनी तिला कराराची आठवण करून दिली. ही प्रयोगशाळा आहे, शेजारपाजार नव्हे, हेही सांगितलं.

"साहेब," रुपीबाईनं विचारलं, "तुमच्या घरचं दही कोनाच्या इरजणाचं?"

सरांना शेजारून आलेली विरजणाची वाटी आठवली. मग उठले आणि किल्ली शोधू लागले.

नवं जनुक न चढवलेला मूळचा जंतू भैरवीनं कोमट दुधात जागा केला. दुसऱ्या दिवशी वाटीत घट्ट दही होतं. रुपीबाईनं वाटी कलती करून पाहिली, वास घेतला. तिचे डोळे भरून आले. ओठ हलले, पण तिनं ते घट्ट मिटले, वाटी पदराखाली घेतली आणि वळून न पाहता चालू लागली.

"कमाल आहे," सर म्हणाले. "बाईनं साधे आभारसुद्धा मानले नाहीत."

"मानले ना सर," भैरवी म्हणाली. "दही लागावं म्हणून बोलल्या नाहीत."