काजं उजवीकडे

नव्या शर्टाची बटणं लावताना रोईची बोटं अडखळत होती. त्याचा वाढदिवस होता. टेबलावर वाळवलेलं मटण आणि रेवाचिनीच्या आंबट देठांच्या मुरंब्याचा केक होता. शर्ट सुन्नेवाच्या वडिलांनी, हानुसनी, स्वतः शिवून आणला होता. उन्हाळ्यात रोई-सुन्नेवाचं लग्न, होणाऱ्या जावयाला हातचं काहीतरी द्यावं, म्हणून.

"इकडे वळ बघू," रोईची आई मार्यून चष्मा नाकावर सरकवत म्हणाली. "अगं बाई! काजं उजवीकडे, बटणं डावीकडे. हानुस, हा माझ्या लेकासाठी आणलात की तुमच्या लेकीसाठी?"

"मग लग्नातला झगाही यालाच शिवा!" रोईचा भाऊ म्हणाला.

सगळे खळखळून हसले. सुन्नेवाला या घरात अजून स्वतःची जागा करून घ्यायची होती. ती सगळ्यांत मोठ्यानं हसली.

"बाबांना बोटीवर जाळी विणायची सवय," ती म्हणाली. "मासा कुठल्याही बाजूनं शिरला तरी चालतो त्यांना!"

पुन्हा हशा. मार्यूननं तर तिच्या हातावर टाळी दिली.

हानुसही हसले. कान मात्र लालभडक झाले. "काढ रे तो," ते रोईला म्हणाले. "बटणांची पट्टी बदलून देतो."

"असू दे हो. छान आहे."

"काढ."

मग घडी केलेला शर्ट मांडीवर ठेवून त्यांनी केक खाल्ला. कापडावर कण पडू नयेत म्हणून पुढं वाकून, अवघडून. सुन्नेवाला तिकडे बघवेना.

परतताना बंदरापासून घरापर्यंतच्या चढावर वारा समोरून होता, त्यामुळे बापलेकीचं बोलायचं टळलं. घरी आल्या आल्या हानुसनी स्वयंपाकघराच्या खिडकीत शर्ट पसरला आणि ब्लेडनं टाके उसवायला घेतले. सुन्नेवानं कॉफी ठेवली. माफी मागायचं तिनं चढावरच ठरवलं होतं. तोंडातून भलतंच निघालं.

"एवढं काय मनाला लावून घ्यायचं, बाबा?"

"मनाला कुठं? चुकलंच ते."

ती जवळ गेली. पट्टी एकसारखी रुंद होती. टीप कुठेही वाकडी नव्हती. टोकाशी कापड दुमडून कड पक्की शिवलेली, ते तर दुकानच्या शर्टातही इतकं साफ नसतं.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कोण शिकवणार? तुझ्या आईचा निळा ब्लाउज होता ना, शर्टासारखा, त्याच्यावरून."

तो ब्लाउज आईनं स्वतः शिवलेला. ती गेल्यावर कपडे वाटले, तेव्हा तेवढाच त्यांनी कुणाला देऊ दिला नव्हता. झोपायच्या खोलीत, दारामागच्या खुंटीला असायचा.

सुन्नेवा खोलीत जाऊन आली. खुंटी रिकामी होती.

"कुठाय तो?"

हानुसनी टेबलाचा खण ओढला. आत दोन बाह्या, पाठ, कॉलर, पुढचे दोन भाग. सगळे सुटे, इस्त्री करून एकावर एक ठेवलेले.

"उसवावा लागला," ते म्हणाले. "पट्टी आतून कशी बसवलीय, ते वरून थोडंच दिसतं?"

सुन्नेवाला ते तुकडे हातात घ्यायचा धीर होईना. त्याच हातावर तिनं मघाशी टाळी घेतली होती. तिनं मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी टेबलावर पडलं.

हानुसना वाटलं, ती ब्लाउजसाठी रडतेय. त्यांनी ब्लेड बाजूला ठेवलं आणि तिच्या पाठीवर हात फिरवला.

"अगं वेडे, रडतेस कशाला? परत जोडेन की," ते म्हणाले. "आता जमतं मला."