बोलून लिहिलेला निरोप

वाचनालयात आम्हा म्हाताऱ्यांना मोबाइल शिकवतात. आज बोलून मेसेज लिहायचा होता. मुलाला गणपतीला बोलवायचं, म्हणून मी मन लावून बसलो होतो. बटण दाबून बोललो.

मॅडमनी वाचून दाखवलं, "'अगं, सुहासला सांग, गणपतीला ये म्हणावं.' काका, मेसेज सुहासलाच जाणार ना? मग ही 'अगं' कोण?"

"जुनी मैत्रीण असेल!" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

बायको जाऊन वर्ष होत आलं. आम्हा बापलेकांचं बोलणं तिच्यामार्फतच चालायचं.

मी ते पुसलं, पुन्हा बटण दाबलं. "सुहास," म्हणालो. तेवढंच पाठवलं.

लगेच त्याचा फोन आला. "बाबा, काय झालं?"

"काही नाही रे. क्लास चालू आहे," म्हणालो आणि फोन ठेवला.