दाराचा नवा दगड

बेटावरच्या आईच्या दोन बुटक्या दगडी खोल्या जोडून लेक एकच नवं घर करत होती. मध्ये काच, समुद्राकडे मोठी खिडकी. जुनं सगळं तिनं जपलं, फक्त दाराच्या चौकटीतला एक दगड काढायला लावला. त्याला टेकून आईनं हयातभर बाबांच्या होडीची वाट पाहिली होती. खांद्याच्या जागी दगड झिजून खोलगट झाला होता.

"हे वाट पाहणं माझ्या घरात नको," ती गवंड्याला म्हणाली.

त्यानं नवा, सपाट दगड बसवला. सकाळी त्यातही खळगा होता.

"ठिसूळ निघाला, ताई." त्यानं दगड बदलला. पुन्हा तेच. या खेपेला तो खळग्यावर हात ठेवून घुटमळला. "हा आईंचा नाही. त्या ठेंगण्या होत्या. हा वीतभर वर आहे." मग विषय बदलत म्हणाला, "साहेब आज येताहेत ना?"

"येतील की. दोघांसाठीच तर बांधतेय."

संध्याकाळची होडी लागली. माणसं उतरली, पांगली, धक्का रिकामा झाला. नवरा त्यांत नव्हता. उद्या येईल, असं स्वतःला समजावत ती दारात उभी राहिली. पाय भरून आले, तशी नकळत टेकली.

खांदा खळग्यात नेमका बसला, वर्षानुवर्षांच्या सवयीनं बसावा तसा.