सरावाची गाडी

"दार ओढू नका!" ती मागच्या सीटवरून ओरडेपर्यंत आजोबांनी दार धाडकन ओढून घेतलं होतं.

झालं! दोघंही अडकले. शाळेच्या वर्कशॉपमधली ही सरावाची गाडी. विज्ञान शिकायला मुलांनी ती आतून पार सोलून ठेवलेली. दारांच्या आतल्या मुठी बाहेर टेबलावर, बॅटरीही तिथेच. बाकीची दारं गंजून बसलेली. हे एकच उघडायचं, तेही बाहेरून. सगळे जेवायला गेले होते.

सुट्टीनंतर विज्ञानाची तोंडी परीक्षा होती आणि आत जायला पहिला नंबर तिचा. जरा धीर गोळा करायला ती इथे येऊन बसली होती. परीक्षक समोर आले की तिची दातखीळ बसायची. दोनदा बसली होती. यंदा नापास झालीस तर शाळा बंद, असं वडिलांनी ठणकावलं होतं. आता ती परीक्षेला पोचणारच नव्हती. तिला रडू फुटलं.

गाडी बघायला शिरलेले हे कुणाचे तरी आजोबा तिच्याहून घाबरले होते. घामाने डबडबून काचेवर छत्री आपटत होते.

"हॉर्न वाजव ना, पोरी!"

"बॅटरी बाहेर आहे, आजोबा. परिपथ पूर्ण झाल्याशिवाय वीज वाहत नाही."

"मग काच खाली कर!"

"तीही विजेवरच चालते."

"म्हणजे मेलोच की आपण!"

ते डोळे मिटून देवाचा धावा करू लागले. ते पाहून ती रडायचं विसरली. पुढच्या सीटवर येऊन तिने दाराच्या उघड्या पत्र्यात हात घातला. कुलपाची सळई सापडली, पण ग्रीसने माखलेली. बोटांना दाद देईना.

"छत्री द्या."

"छत्रीनं काय होणार?"

"तरफ होईल. पत्र्याचा हा काठ म्हणजे टेकू. टेकूपासून आपला हात जितका लांब, तितकं बळ कमी लागतं. मी टोक सळईत अडकवते, तुम्ही मूठ ओढा. दमानं, आजोबा."

छत्री मोडली, पण दार उघडलं.

आजोबा गाडीला टेकून धापा टाकत उभे राहिले. तेवढ्यात विज्ञानाच्या बाई धावत आल्या.

"सर, तुम्ही इथे? परीक्षेची वेळ झाली. पहिला नंबर हिचाच आहे."

तिने आजोबांकडे पाहिलं. तिची जीभ टाळ्याला चिकटली.

"हिची झाली, बाई," घाम पुसत ते म्हणाले. "पुढच्याला बोलवा."