बाहेरून आणून लावलेला बल्ब

"पण मला लागणारी वस्तू मीच बनवली तर बिघडलं कुठे?" विद्यार्थ्याने पुन्हा तेच विचारलं.

सरांनी घाम पुसला. काचेपलीकडे कंपनीच्या ट्रेनिंगच्या मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या. या एका पोराच्या गळी आजचा धडा उतरला तर शिकवायची नोकरी पक्की, नाहीतर नारळ. सकाळी खांद्यात सैल होणाऱ्या शर्टाला इस्त्री करता करता ताईने बजावलं होतं, की घर या नोकरीवर चालणार आहे, तेव्हा ठरलंय तेवढंच बोल, अक्कल पाजळू नकोस.

सरांनी फळ्यावर घर काढलं. बल्ब भिंतीतच चिणला, तर तो उडाल्यावर भिंत फोडावी लागते. म्हणून भिंतीत नुसता होल्डर ठेवायचा, बल्ब बाहेरून आणून लावायचा. प्रोग्रॅममधल्या क्लासचंही, म्हणजे एकेक काम सांभाळणाऱ्या तुकड्याचंही, तसंच. ऑर्डर घेणाऱ्या क्लासने ईमेल पाठवणारा ऑब्जेक्ट स्वतःच्या पोटात जन्माला घालायचा नाही. तो बाहेर बनवून, कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे क्लास उभा राहतानाच, त्याच्या हातात द्यायचा. यालाच डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात.

"फायदा काय पण?" पोराने जांभई दिली.

चाचणीच्या वेळी खोटा ऑब्जेक्ट लावता येतो, सर म्हणाले. एका दुकानाने हे केलं नाही, तर चाचणीत खऱ्याच गिऱ्हाइकांना 'तुमचा फ्रिज निघाला आहे' अशा ईमेल गेल्या. एका आजोबांनी जागा व्हावी म्हणून कपाट विकून टाकलं. अजून वाट बघतायत.

पोराने उठून फळ्यावरच्या होल्डरवर बोट ठेवलं.

"म्हणजे आत कोण आलंय याच्याशी क्लासला देणंघेणं नाही. ठरलेलं काम केलं की झालं."

सरांना गहिवरून आलं. "बाबा रे, तुझे उपकार कसे फेडू?"

"आभार मीच मानायचे, सर."

मॅडम आत आल्या. त्यांनी सरांचं तोंडभरून कौतुक केलं, नोकरी पक्की म्हणून सांगितलं आणि पोराला कामावर परत धाडलं. तो कंपनीचा मुख्य प्रोग्रॅमर होता. नवे सर पारखायला खऱ्या विद्यार्थ्यांचं नुकसान कशाला, म्हणून दर वेळी तोच ढ होऊन बसायचा.

"राग नाही ना आला?" मॅडमनी विचारलं.

"छे हो, उलट आभारी आहे." सरांनी हात जोडले. "मग सोमवारपासून भावोजींना पाठवतो. सर ते आहेत. आज ताप होता, म्हणून ताईने मला आणून लावलं."