मधल्या धारेतलं प्रकरण

"हे प्रकरण इथीच तोडा, सोमाजीभाऊ," बशीरनं कागदावर बोट टेकवलं. "बाकीचे प्रकरणं दहा-बारा पानांचे. अन् हे? सत्तर पानं झाले, तरी तुमचा पोरगा नदीच्या मधातच! वाचनारा कंटाळून जाईन. डोंगा काठावरून निंगाला, का प्रकरण खतम."

बशीरचा चांद्याला छापखाना होता. सोमाजी अहेरीच्या लाकूड डेपोत कारकून. कादंबरी पहिलीच, म्हणून बशीर सुचवील ते आजवर त्यांनी मुकाट्यानं केलं होतं. आज मात्र त्यांनी कागदच ओढून घेतले.

"हे लांबच राहीन."

"पर किती लांब?"

सोमाजींनी कागद मांडीखाली सरकवले. बशीरनं वाट पाहिली. मग छत्री उचलून तो खालच्या आवाजात म्हणाला, "मंग मले छापता नाई येनार, भाऊ," आणि मोटार गाठायला निघाला.

सोमाजी ओसरीवर पुन्हा लिहायला बसले. लिहायच्या आधी प्रत्येक वाक्य पुटपुटायची त्यांची सवय. पोरानं वल्हं सावरलं. पैलतीरावरचे साग हलले. वल्ह्यावरून पाणी निथळलं. बशीरचं खरं होतं, हे त्यांनाही कळत होतं. पण पुढचं वाक्य काही हातून उतरेना, आणि मागचं फुगतच चाललं.

आत त्यांची बायको रंभा ती वाक्यं ऐकत तांदूळ निवडत होती. तिला अक्षरओळख नव्हती. कादंबरीतला पोरगा कोण, हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. ती सूप बाजूला ठेवून दारात आली.

"तो लच्छू हाये नं?"

सोमाजींचा टाक थबकला. दोन पावसाळ्यांमागं त्यांचा एकुलता एक लच्छू प्राणहिता ओलांडायला निघाला होता. पालथा डोंगा खाली कुठंतरी सापडला. लच्छू सापडला नाही. माणसं काठ धुंडाळून थकली, आणि मग कुणी त्याचं नाव काढेनासं झालं.

"मी त्याले वाचवून राह्यलो, रंभा," सोमाजी म्हणाले. "हे प्रकरण संपलं का तो बुडते."

"वाचवून नाई राह्यले तुमी. रोज त्याले पान्यातच ठेवून राह्यले." ती त्यांच्यासमोर खाली बसली. "नदीनं आपलं लेकरू वापस दिलं नाई. तुमी तरी द्या."

मग सोमाजींनी लिहिलं. डोंगा उलटला, हे वाक्य त्यांना पुटपुटता आलं नाही. तिनं ते त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं. नंतर मात्र ते मोठ्यानं सांगत गेले. धारेनं पोराला वळणापर्यंत नेलं. तिथं पाणी उथळ होतं. सकाळी कोळ्यांनी त्याला उचलून वाळूवर निजवलं आणि तोंडावरून धोतर पांघरलं.

"इथी संपवा," रंभा म्हणाली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं हंबरडा फोडला.