तिसरं तिकीट

"आई, मी तुमच्याजवळ नाही बसणार," टेसा म्हणाली. तोंडात दालचिनीचा रोल आणि अर्धा चेहरा लाल रंगानं माखलेला. "विद्यार्थ्यांचा स्टँड वेगळा असतो. मैदानाच्या पार पलीकडे."

लोरीन वाढायचा डाव हातात धरून तशीच उभी राहिली. स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये, ट्रकच्या मागच्या फळीवर तिनं सगळं मांडलं होतं. घरून आणलेली राजम्याची चिली अजून वाफाळत होती. कॉलेजचा पालकांचा शनिवार, म्हणून नेब्रास्काच्या पश्चिम टोकावरून सहा तास गाडी हाकून नवरा-बायको दोघं आले होते. व्हर्ननं ऑगस्टमध्येच शेजारशेजारची तीन तिकिटं काढून फ्रिजवर चिकटवली होती. पोरगी घरातून गेल्यापासून लोरीन दुधासाठी फ्रिज उघडायची आणि आधी त्या तिकिटांकडे बघायची.

"अगं, पण तीन काढलीत ना."

"आई! आईबापांच्या मांडीवर बसून फुटबॉल कोण बघतं? जन्मभर चिडवतील मला." टेसानं जाकीट उघडून शर्ट दाखवला. "आणि आमच्या प्रत्येकाच्या शर्टावर एकेक अक्षर आहे. ओळीत उभं राहिलं की टीमचं नाव होतं. मी शेवटची. मी उद्गारचिन्ह."

"घरी तरी दुसरं काय होतीस?" व्हर्न म्हणाला. टेसानं त्याच्या पोटात कोपर मारलं.

तिकडून मैत्रिणी हाका मारत होत्या. गेट उघडायच्या आत रांगेत उभं राहिलं नाही, तर शेवटच्या पायरीवर हाकलतात म्हणे. टेसानं जाकीट काढून ट्रकमध्ये भिरकावलं.

"अगं, गारठा आहे!"

"जाकिटात उद्गारचिन्ह दिसेल का?"

आणि गेली. येऊन दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. तिच्या वाडग्यात अर्धी चिली उरली होती. लोरीननं ती टाकली नाही, उभ्या उभ्या स्वतःच संपवली.

आत बाकावर व्हर्न एका कडेला बसला, लोरीन दुसऱ्या, आणि मधल्या जागेवर टेसाचं जाकीट. मॅच सुरू झाली. हेल्मेटं एकमेकांवर आदळत होती, लोक बोंबलत होते. लोरीनला चेंडू कोण कुठे नेतो याच्याशी काडीचं देणंघेणं नव्हतं. तिला पोरगी शेजारी हवी होती. एका ब्लँकेटमध्ये दोघींचे पाय, आणि खेळ रेंगाळला की तिचं डोकं खांद्यावर. काल रात्री कसली तरी तालीम होती, आज रात्री होस्टेलवर पार्टी, उद्या दुपारपर्यंत ती अंथरुणातून उठायची नाही. जे काही होते ते हेच तीन तास होते.

"इथं पिशवी ठेवू का?" पलीकडच्या म्हातारीनं जाकिटाकडे बोट केलं.

"नको. लेकीची जागा आहे."

"उशीर झाला वाटतं तिला?"

"ती समोर आहे."

म्हातारी हसली. "पहिलं वर्ष ना? माझीही तिकडेच उभी असायची, बाई. चौथ्या वर्षी आपणहून येऊन शेजारी बसली. नोकरी मिळत नव्हती तेव्हा."

व्हर्ननं गुपचूप गळ्यातली दुर्बीण काढून बायकोच्या हातात दिली. "हरणांसाठी घेतली होती," तो म्हणाला. "बघ, दिसतंय का पाडस."

लोरीननं समोरचा स्टँड पायरी पायरीनं चाळून काढला. सगळा लालच लाल. अखेर अक्षरांची ती ओळ सापडली आणि ओळीच्या टोकाला तिचं उद्गारचिन्ह. टेसा उड्या मारत होती. उघडे दंड कुडकुडत असतील, पण तिला त्याचं भानच नव्हतं. कुणीतरी काहीतरी बोललं आणि ती मान मागे टाकून हसली. हे हसणं लोरीनला ठाऊक होतं. कशावर हसली ते मात्र आता कधीच कळणार नव्हतं.

शेवटची दहा मिनिटं उरली होती तेव्हा व्हर्नचा फोन वाजला. एवढ्या गर्दीत दिवसभरात पहिल्यांदाच नेटवर्क मिळालं होतं. त्यानं तो लोरीनच्या कानाला लावून धरला.

"आई, कुठे आहात तुम्ही? मी कधीची शोधतेय!"

कधीची शोधतेय. लोरीन ताडकन उठली. "समोरच्या स्टँडचं दक्षिणेकडचं टोक बघ गं! घड्याळाच्या खाली, वरून चौथी पायरी!"

"हात वर कर ना, म्हणजे दिसशील!"

लोरीननं एका हातानं दुर्बीण डोळ्यांशी धरली आणि दुसरा हात खांद्यातून निखळेल इतका उंच केला. त्याच क्षणी खाली कुणीतरी चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन टचडाऊन केलं. सगळा स्टँड गर्जत उठला. पुढे, मागे, चहूकडे हजारो हात वर गेले. म्हातारीचे दोन्ही हात वर होते. बँड सुरू झाला.

"दिसलीस!" टेसा फोनमध्ये ओरडली. "आई, दिसलीस गं! बाबापण दिसला!"

दुर्बिणीत टेसा टाचा उंचावून, एका हातानं फोन कानाशी धरून दुसरा हात हलवत होती. चेहरा आनंदानं फुललेला. पण ती बघत होती भलतीकडेच, स्टँडच्या उत्तरेच्या कोपऱ्याकडे.

"काय म्हणतेय?" व्हर्ननं विचारलं. "दिसलो का आपण?"

"दिसलो," लोरीन म्हणाली. मग फोनमध्ये म्हणाली, "हो गं, राणी. तूही दिसतेस मला."

भोवतीचे सगळे खाली बसले. टेसा मैत्रिणींकडे वळेपर्यंत लोरीननं हात खाली घेतला नाही.